‘कानावर घातलं होतं’ आणि ‘सांगितलं होतं’

पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा, म्हणजे रॅम, खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की ते डायखाली, म्हणजे साच्याखाली, नसतात, एवढाच त्यामागचा विचार. मी तेव्हा ज्या कारखान्यात नाइटला लाइन सुपरवायझर होतो, तिथल्या तीन नंबरच्या प्रेसचं डावं बटण पॅकिंगच्या टेपने कायमचं दाबून ठेवलेलं होतं. बटण नीट आत राहावं म्हणून टेपखाली एक रुपयाचं नाणं घातलं होतं. नव्या मशीनवर ही युक्ती चालत नाही, कारण दोन्ही बटणं सुटल्याशिवाय ती पुढचा स्ट्रोक घेत नाहीत. ही मशीन जुनी होती. एक हात मोकळा राहिला की पीस भराभर लागतो आणि टार्गेट वेळेआधी होतं.

मी ते नाणं पाहिलं. सकाळी शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीकडे जाता जाता प्रॉडक्शनच्या साहेबांना म्हणालो, "सर, तीन नंबरचं बटण जरा बघून घ्यायला पाहिजे." ते म्हणाले, "हो, बघू." नऊ दिवसांनी त्या प्रेसवर एका हेल्परची दोन बोटं गेली. मुलगा कंत्राटी होता, वय एकोणीस. चौकशीत मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हणालो, "हो. मी साहेबांच्या कानावर घातलं होतं."

हे उत्तर खरं होतं, आणि तरी ते मला आजपर्यंत बोचतं. माझ्या वाक्यात टेप नव्हती, नाणं नव्हतं, कोणाचा हात नव्हता. मशीन आत्ता बंद ठेवा, हेही नव्हतं. साहेबांना वाटलं असेल की बटण ढिलं झालंय, मेंटेनन्सवाला सवडीने बघेल. मी बोललो होतो, पण धोका काय आहे ते सांगितलं नव्हतं.

कामाच्या ठिकाणी तोंड उघडण्याची हिंमत म्हटली की आपल्यासमोर दोन माणसं उभी राहतात. एक मूग गिळून बसलेला, दुसरा टेबलावर हात आपटून बोलणारा. माझ्या अनुभवात बहुतेक जण या दोघांच्या मधले असतात. ते गप्प बसत नाहीत. ते सुचवतात, आडून बोलतात, विषय काढतात आणि समोरच्याचा चेहरा पाहून विषय बदलतात. घरी गेल्यावर त्यांना मनापासून वाटतं की आपण आपलं काम केलं. त्या अपघातानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. वाचताना कळलं की या मधल्या माणसाचा सगळ्यात कसून अभ्यास विमानाच्या कॉकपिटमध्ये झालाय. तिथे प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो.

धुक्यातला प्रश्न

27 मार्च 1977. अटलांटिक महासागरातल्या तेनेरिफे बेटाचा छोटा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने तिकडची विमानं इथे वळवली होती आणि जागा अपुरी पडत होती. त्यातच धुकं उतरलं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएम कंपनीचं जम्बो विमान उड्डाणासाठी उभं होतं. त्याच धावपट्टीवरून पॅन ॲमचं दुसरं जम्बो हळूहळू समोरून येत होतं. धुक्यामुळे दोघांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती.

केएलएमचा कॅप्टन साधासुधा नव्हता. कंपनीत जम्बोच्या वैमानिकांचं प्रशिक्षण त्याच्याकडे होतं आणि कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो छापला जायचा. त्याने उड्डाणासाठी इंजिनाचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा शेजारी बसलेला सहवैमानिक म्हणाला, थांबा, आपल्याला अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाला, माहीत आहे मला, विचार त्यांना. सहवैमानिकाने विचारलं. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं, तेवढं टॉवरने सांगितलं. उड्डाणाची परवानगी त्यात नव्हती. तो मार्ग सहवैमानिक परत वाचून दाखवत होता, तेवढ्यात कॅप्टनने पुन्हा विमान सोडलं. या खेपेला सहवैमानिकाने त्याला अडवलं नाही.

या जागेवर मी बराच काळ थांबलो. हा माणूस भित्रा नव्हता. मिनिटाभरापूर्वीच त्याने आपल्या बड्या साहेबाला अडवलं होतं, आणि ते बरोबरही होतं. पण साहेबाला दोन मिनिटांत दोनदा टोकणं फार जड जातं. एकदा टोकलं की आपली शिल्लक संपली असं वाटतं. घरात सासऱ्यांना, शाळेत मुख्याध्यापकांना, ऑफिसात मॅनेजरला एकदा "असं नाही" म्हणून झालं की दुसऱ्यांदा जीभ उचलत नाही. हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

विमान वेग घेत असताना मागच्या खुर्चीवरच्या फ्लाइट इंजिनिअरच्या कानांनी रेडिओवरचा एक तुकडा टिपला. पॅन ॲमवाले सांगत होते की धावपट्टी मोकळी झाली की कळवतो. त्याने विचारलं, ते अजून बाजूला झालेलं नाही का, ते पॅन अमेरिकन? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय की. पुढच्या पंधराएक सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात इतका मोठा अपघात दुसरा नाही.

फ्लाइट इंजिनिअरला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं आणि तो बोललाही. पण तो बोलला प्रश्नाच्या रूपात, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं की प्रश्न संपतो. विमान सुटल्यानंतर "थांबवा" हा शब्द त्या कॉकपिटमध्ये कोणी उच्चारलाच नाही.

एकाच गोष्टीच्या सहा पायऱ्या

1990 च्या दशकात ऊटे फिशर आणि ज्युडिथ ओरासानू या दोन संशोधक बायकांनी वैमानिकांची बोलण्याची ढब तपासली. एकच धोका सांगायच्या सहा पायऱ्या त्यांनी लावल्या, अगदी थेट हुकमापासून अगदी पुसट इशाऱ्यापर्यंत. त्यांची उदाहरणं विमानातली आहेत. मी त्या माझ्या प्रेसवर बसवून पाहिल्या.

"तीन नंबर बंद करा." हा हुकूम. "तीन नंबर आत्ता बंद करावाच लागेल." ही गरज. "तीन नंबर बंद करू या." ही सूचना. "तीन नंबर बंद करायचा का?" हा प्रश्न. "बंद केला तर बरं, असं मला वाटतं." ही इच्छा. आणि सगळ्यात खाली, "तीन नंबरचं बटण जरा बघून घ्यायला पाहिजे." हा इशारा. मी नेमका याच पायरीवर उभा होतो.

कॅप्टन सहसा वरच्या पायरीवरून बोलतात आणि सहवैमानिक खालच्या, असं त्यांना दिसलं. माणूस जितका खालच्या हुद्द्यावरचा, तितकं त्याचं वाक्य पुसट. याची दुसरी बाजू अशी की धोका सगळ्यात जवळून दिसतो तो खालच्या हुद्द्यावरच्यालाच. प्रेसवर हेल्पर असतो. पेशंटच्या उशाशी सिस्टर असते. कॅश काउंटरवर क्लार्क असतो. जे सगळ्यात आधी दिसलं, ते सगळ्यात मऊ आवाजात वर पोचतं.

मराठीत हे आणखी सोपं जातं, कारण पुसट बोलायची साधनं आपल्याकडे भरपूर आहेत. "जरा" आहे. "तेवढं" आहे: "तेवढं बघा ना." "म्हटलं" आहे: "म्हटलं, तुम्हाला सांगावं." त्यात आपण आपलाच उल्लेख असा करतो, जणू ते दुसऱ्या कोणीतरी म्हटलं. कर्ता गाळायची सोय आहे: "बंद केलेलं बरं." कोणी बंद करायचं, कधी, त्याचा पत्ता नाही. हे शब्द वाईट नाहीत. यांच्यामुळेच आपलं रोजचं बोलणं गोड राहतं, समोरच्याचा मान राहतो. पण जिथे बोटं जाऊ शकतात, चुकीचं इंजेक्शन जाऊ शकतं, लोकांचे पैसे जाऊ शकतात, तिथे "जरा" हा शब्द धोक्याचा आकार लहान करून दाखवतो.

13 जानेवारी 1982 ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं विमान धावपट्टीवरून निघालं. इंजिनाचे आकडे पटत नसल्याचं सहवैमानिकाने धावपट्टीवरच पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं. हे बरोबर दिसत नाही, नाही का? कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे. सहवैमानिक क्षणभर कबूल झाला, मग पुन्हा शंका. विमान उडालं आणि पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत पडलं. पुलावरचे 4 जण धरून 78 माणसं गेली. आपलं बरोबर होतं की नाही, हे त्या सहवैमानिकाला शेवटच्या सेकंदांत कळलं असणार.

न बोलणारा मूर्ख नसतो

"लोकांत धमकच नाही" असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. गप्प बसणारा माणूस बहुतेक वेळा हिशेब करत असतो, आणि त्याचा हिशेब बरोबर असतो. बोलण्याची किंमत आत्ता द्यावी लागते आणि ती त्याला एकट्याला द्यावी लागते. साहेबाचा चेहरा बदलतो, पुढच्या शिफ्टला नको ती मशीन मिळते, कंत्राट संपताना नाव यादीतून गळतं. फायदा मात्र नंतर होतो, सगळ्यांना होतो, आणि तो दिसत नाही. अपघात झाला नाही तर तो कोणामुळे झाला नाही, हे कोणाला कळणार? ज्याचा हात दगडाखाली आहे, म्हणजे घराचा हप्ता, बहिणीचं लग्न, गावाकडचं कर्ज, त्याला "पाण्यात राहून माशाशी वैर नको" हा शहाणपणा वाटला तर त्यात नवल नाही.

या हिशेबात काही नियम आपण न तपासताच धरून चालतो. जेम्स डेटर्ट आणि एमी एडमंडसन या संशोधकांनी 2011 मध्ये असे नियम गोळा केले. साहेबाने बसवलेल्या पद्धतीतली चूक दाखवली की ती त्याला स्वतःवरची टीका वाटते. पक्का पुरावा किंवा तयार उपाय हातात नसेल तर बोलू नये. चारचौघांत साहेबाला अडचणीत आणू नये. साहेबाला डावलून वर जाऊ नये. बोललं की बढती गेली. हे अमेरिकेतल्या नोकरदारांबद्दल लिहिलेलं आहे, पण मला आमच्याच कॅन्टीनमधलं बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. असे नियम कोणी शिकवत नाही. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" इथपासून ते अंगात मुरत येतात, आणि एखादा साहेब खरंच ऐकून घेणारा असला तरी त्याच्यासमोरही आपण तेच पाळतो.

यातला "उपाय घेऊन ये, नुसता प्रॉब्लेम सांगू नकोस" हा नियम मला सगळ्यात घातक वाटतो. मॅनेजर लोक तो फार अभिमानाने सांगतात. त्यामागचा हेतू चांगला असतो, माणसाने स्वतः विचार करावा असा. पण हेल्परकडे उपाय कुठून येणार? त्याला एवढंच दिसतं की बटणाला टेप लावलीय. मशीनचं कंट्रोल पॅनल बदलावं लागेल, त्याचा खर्च किती, टार्गेट कसं बदलायचं, हे त्याच्या हातात नाही. उपायाची अट घातली की ज्यांच्याकडे उपाय नाही अशा सगळ्यांच्या तोंडाला आपण कुलूप लावतो. आणि ज्या धोक्यावर उपाय सापडत नाही, तोच सहसा मोठा धोका असतो.

ऐकणाऱ्याने आधी बदलायचं

1978 च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं एक विमान इंधन संपून पडलं आणि 10 जण गेले. चाकं नीट बसली आहेत की नाही या काळजीत कॅप्टन तासभर घिरट्या घालत राहिला. इंधन संपत आल्याचं सहकारी सुचवत होते, पण ते कॅप्टनच्या डोक्यात शिरलं नाही. पुढच्या वर्षी नासाने या विषयावर बैठक घेतली आणि 1981 मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी नवं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवलं. त्याच वर्गात कॅप्टनांना विचारायला आणि ऐकायलाही शिकवलं. मला याचं फार मोल वाटतं, कारण आपल्याकडे "धीट व्हा" ही शिबिरं खालच्यांसाठीच भरतात.

टोयोटाच्या लाइनवर प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी असायची. आता बऱ्याच ठिकाणी तिची जागा बटणाने घेतलीय. काही गडबड दिसली की ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. इथे कामगाराला वाक्य जुळवावं लागत नाही, चेहरा वाचावा लागत नाही. साहेब चहाला निघालेत की रागात आहेत, हेही बघावं लागत नाही. हिंमत लागते, पण थोडी. मी दोरीचं नाव घेतलं की काही जण म्हणतात, आम्हीही दोरी लावली होती, कोणी ओढतच नाही. मग मी विचारतो, पहिल्यांदा ओढली तेव्हा जो आला तो काय म्हणाला? "कोणी ओढली रे?" असं म्हणाला असेल, तर दुसऱ्यांदा कोण ओढणार?

ऑपरेशन थिएटरचीही अशीच गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा विदर्भाशी जुळतो. सर्जन अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. जगातल्या 8 शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरून पाहिली. 2009 मध्ये निकाल छापून आला. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं. यादीत ॲलर्जी, अँटिबायोटिक अशा अपेक्षित गोष्टी आहेतच. पण चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, असाही एक मुद्दा आहे. वरवर हा उपचार वाटतो. पण ज्या सिस्टरने खोलीत एकदा तोंड उघडलंय, तिला पुढे "डॉक्टर, एक स्पंज मोजणीत कमी येतोय" म्हणायला तेवढं जड जात नाही. पहिला शब्द सगळ्यात अवघड असतो, म्हणून तो सगळ्यांकडून आधीच बोलून घ्यायचा.

एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या होत्या. चांगल्या तुकड्यांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. जिथे हेड सिस्टरशी मोकळेपणाने बोलता येत होतं, तिथेच जास्त चुका नोंदल्या होत्या. नंतर उलगडा झाला की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. माझ्या शॉपमध्ये महिनाभर एकही तक्रार आली नाही, तर आता मला काळजी वाटते.

वाक्य कसं घडवायचं

माझ्यासारखी ज्यांची जीभ ऐन वेळी अडते, त्यांना मी एकच सांगेन: वाक्य आधी घडवून ठेवा आणि मोठ्याने म्हणून बघा. मनात म्हटलेलं वाक्य वेगळं आणि तोंडातून निघालेलं वेगळं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत सिस्टरांना तीन पायऱ्या शिकवतात. आपल्या बोलीत त्या अशा होतील: "मला याची काळजी वाटतेय." ऐकलं नाही तर, "हे असं चालू ठेवणं मला पटत नाही." तरी नाही तर, "हा जिवाचा प्रश्न आहे, थांबा." आणि पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तर तीच गोष्ट निदान दुसऱ्यांदा सांगायची, असा तिथला नियमच आहे. तेनेरिफेच्या सहवैमानिकाकडे हा नियम असता तर दुसऱ्यांदा टोकणं हा उद्धटपणा वाटला नसता, ते त्याच्या कामातच धरलं गेलं असतं.

आज मला ती सकाळ परत मिळाली तर मी चहाला जाताना बोलणार नाही. साहेबांना प्रेसजवळ नेईन, नाण्यावर बोट ठेवेन आणि म्हणेन, "सर, हे बटण टेपने दाबून ठेवलंय. ऑपरेटरचा डावा हात डायखाली जातोय. दुसरं बटण चालू होईपर्यंत मी ही मशीन बंद ठेवतोय. आजचे पीस दोन नंबरवर घेऊ का?" यात जे दिसलं ते आहे, त्याने काय होईल ते आहे, मी काय करतोय ते आहे, आणि साहेबांना ठरवण्यासारखंही काहीतरी आहे. ऑपरेटरला दोष दिलेला नाही, साहेबांनाही नाही. "सर" कायम आहे. ठाम बोलायला मान सोडावा लागत नाही. घरी बसून लिहिताना हे वाक्य सुचायला मला दोन मिनिटं लागली. तेव्हा ती दोन मिनिटं मी काढली नाहीत.

शक्य असेल तर एकट्याने जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या सुमारास केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, हे उघड दिसत असताना खोलीतल्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की एकटा पडलेला माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जायचा. पण खोलीत एकच जण खरं बोलणारा भेटला की त्याच माणसाचं चुकणं आधीच्या जवळपास पाव हिश्श्यावर यायचं. सोबतीला एक जण पुरतो. मीटिंगमध्ये ज्युनिअर मुलगी काही सांगत असेल आणि तिचं ऐकलं जात नसेल, तर "ती काय म्हणतेय ते आधी पुरतं ऐकू या" एवढं बोलायला फार मोठी छाती लागत नाही. आणि ते करणं आपल्यापैकी बहुतेकांना आजच जमेल.

बोलून झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवा. "सकाळी बोलल्याप्रमाणे तीन नंबरची प्रेस बंद ठेवली आहे, डावं बटण बायपास केलेलं आढळलं." व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल. बोललेलं हवेत विरतं.

जिथे वाक्य पुरत नाही

आता अवघड भाग. नीट, स्पष्ट, वेळेवर सांगूनही ऐकलं जात नाही, असं घडतं. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, नासासाठी रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले रॉजर बोइस्जॉली आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी नासाला स्पष्ट सांगितलं होतं की थंडीत रॉकेटच्या जोडांमधल्या रबरी रिंगा नीट बसत नाहीत, उड्डाण करू नका. कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्याच इंजिनिअरांचं म्हणणं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान आकाशात फुटलं, 7 अंतराळवीर गेले. बोइस्जॉली यांनी नंतर चौकशीत खरं सांगितलं, आणि ज्या कंपनीत ते काम करत होते तिथे त्यांना एकटं पाडण्यात आलं. इथे कमी पडले ते ऐकणारे.

आपल्याकडे सत्येंद्र दुबे होते. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवला, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. नाव बाहेर फुटलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर 2004 मध्ये सरकारने केंद्रीय दक्षता आयोगाला गुप्त तक्रारी घेण्याचा अधिकार दिला. जिथे पैशांचा मोठा व्यवहार आणि गुंड यांची गाठ आहे, तिथे कोणालाही "बिनधास्त बोल" असा सल्ला मी देणार नाही. तिथे कागद जपून ठेवायचे, वकील गाठायचा, युनियन असेल तर तिला पुढे करायचं, आणि आपलं नाव किती जणांना कळतंय यावर लक्ष ठेवायचं.

लैंगिक छळाचीही वाट वेगळी आहे. राजस्थानात कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवी यांच्यावर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि 2013 मध्ये कायदा झाला. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. जागा लहान असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. इथे साहेबाच्या कानावर घालणं हा पर्याय धरूच नये.

या टोकाच्या घटना बाजूला ठेवल्या तर उरतं ते रोजचं काम. दाबून ठेवलेलं बटण, मोजणीत न जुळणारा आकडा, तारीख उलटलेलं औषध, ग्राहकाला सांगितलेली अर्धवट गोष्ट. बहुतेक नुकसान इथे होतं, आणि बहुतेक वेळा ते एका नीट वाक्याने टळण्यासारखं असतं.

मी आता दुसऱ्या कारखान्यात, चाकणच्या बाजूला, प्रेस शॉप सांभाळतो. दर सोमवारी शिफ्टच्या आधी पाच मिनिटं सगळे उभे राहतात आणि एकेक जण मोठ्याने म्हणतो, "मी मशीन थांबवतोय, कारण..." आणि पुढे काहीही खरं कारण. पहिले काही आठवडे पोरं हसायची. गेल्या पावसाळ्यात आयटीआय करून नुकताच लागलेला जालन्याकडचा एक मुलगा पाच नंबरवर होता. भर टार्गेटच्या वेळी त्याने लाल बटण दाबलं. आवाज वेगळा येतोय म्हणाला. फिटर आला, क्लच पाहिला, ब्रेक पाहिला, सगळं ठीक होतं. गार्डचा एक बोल्ट सैल होऊन खडखडत होता, बाकी काही नाही. 22 मिनिटं गेली. डिस्पॅचवाला येऊन उभा राहिला. शॉपमधली सगळी मान वळवून माझ्याकडे बघत होती. त्या मुलाकडे कोणी बघत नव्हतं.

मी त्याला विचारलं, "तुला नेमका कसा आवाज आला?" त्याने तोंडाने करून दाखवला. फिटर म्हणाला, "हां, असाच येतो सैल बोल्टचा. आणि क्लच जायला लागला की पण साधारण असाच येतो."

"मग बरोबर थांबवलीस," मी म्हणालो. "पुन्हा आला तर पुन्हा थांबव."

त्याने हात पुसले. बोल्ट घट्ट केला की नाही ते वाकून स्वतः पाहिलं आणि मग विचारलं, "साहेब, चालू करू?"